सांगितलेलं दुखणं हाही पुरावाच

मराठवाड्याच्या आरोग्याची चर्चा निघाली की ती फार लवकर खाटांवर येते. कोणत्या जिल्ह्यात किती खाटा, वैद्यकीय अधिकाऱ्यांची किती पदं रिक्त, सीटी स्कॅनचं यंत्र आहे का आणि असलं तर चालू आहे का. दर १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाच्या पुरवण्या निघतात, त्यांतही हीच मांडणी असते. या सवयीला इतिहास आहे. दांडेकर समितीने १९८४ साली प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला, राज्याचा अनुशेष, म्हणजे विकासातली साचलेली तूट, ३,१८६ कोटी रुपयांचा ठरवला आणि आपलं मागासलेपण आकड्यांत मांडायचं हे इथल्या राजकारणाच्या आणि पत्रकारितेच्या अंगवळणी पडलं. पुढे निर्देशांक व अनुशेष समिती आली, केळकर समिती आली, भाषा तीच राहिली. त्या भाषेने आपल्याला काही मिळवून दिलं हे मी नाकारत नाही. हातात आकडा नसता तर मुंबईत मराठवाड्याचं गाऱ्हाणं कोणी ऐकून घेतलं नसतं.

पण खाटांच्या या हिशेबात एक काम कायम राहून गेलं. माणसं आजारी का पडतात, दवाखान्याची पायरी चढायला का उशीर करतात, चढली तर आत त्यांच्याशी कोण कसं वागतं आणि घरी परत आल्यावर औषध मधेच का सुटतं, हे त्यांच्याच तोंडून, शिस्तीने, वेळ देऊन ऐकणं आणि त्या ऐकण्याला पुरावा मानणं. संशोधक याला गुणात्मक पद्धत म्हणतात. सखोल मुलाखती, गटचर्चा, लोकांमध्ये राहून केलेलं निरीक्षण, एखाद्या आजाराची किंवा मृत्यूची सुरुवातीपासूनची हकीकत लिहून घेणं, हे सगळं त्यात येतं. आपल्याकडे या कामाला शोधनिबंधाच्या शेवटच्या प्रकरणात दोन पानं मिळतात किंवा सर्वेक्षणाला रंग भरण्यापुरती चार वाक्यं. माझं म्हणणं असं, की मराठवाड्यातली आरोग्याची विषमता समजून घ्यायची आणि मोडायची असेल, तर हे काम सर्वेक्षणाच्या बरोबरीने बसवावं लागेल. त्याला पैसा, माणसं आणि सरकारदरबारी वजन द्यावं लागेल.

आरोग्यातला कोणता फरक विषमता मानायचा, याची एक कसोटी मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली आणि ती अजून वापरात आहे. जो फरक अनावश्यक आहे, टाळता येण्याजोगा आहे आणि अन्यायाचा आहे, तो विषमता. ऐंशीच्या आजोबांचे गुडघे विशीतल्या नातवापेक्षा जास्त दुखणार, त्यात अन्याय काही नाही. पण तिशीतल्या बाईची कंबर साठीतल्या बाईसारखी गेली असेल, तर ती का गेली हे विचारावंच लागतं. आकडा सांगतो की फरक आहे. तो टाळता आला असता का, कोणत्या वळणावर टाळता आला असता आणि कोणी टाळायला हवा होता, हे आकड्याच्या पोटात नसतं. ते त्या बाईच्या आयुष्याच्या क्रमात असतं आणि तो क्रम तीच सांगू शकते. म्हणजे विषमतेच्या व्याख्येतच हकीकतीची गरज आहे. जो अभ्यास फक्त मोजतो, तो फरकापाशी थांबतो.

बीडचं उदाहरण घेऊ. २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. बीड जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं सरकारने विधिमंडळात सांगितलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यासमोर ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणाची माहिती आली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण सहातली एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. वयोगट नेमके सारखे नसल्याने थेट तुलना जपूनच करायला हवी, पण इतकं मोठं अंतर वयाने भरून निघत नाही.

हा आकडा बाहेर आला नसता तर काहीच हललं नसतं. पण आकडा आल्यावर काय हललं तेही बघितलं पाहिजे. आकड्याने दाखवलेला पहिला दोषी होता शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. उपायही त्याच्याभोवतीच उभा राहिला. खासगी दवाखान्याने पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची. उपाय गरजेचा होता आणि तो सैल पडता कामा नये. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच शस्त्रक्रियांच्या याचिकेवर, सगळ्या राज्यांना मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितलं.

मात्र बाईजवळ बसून तिला सुरुवातीपासून सांगू दिलं, की डॉक्टर गोष्टीत फार उशिरा येतो. गोष्ट सुरू होते पंधराव्या-सोळाव्या वर्षीच्या लग्नापासून. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी आणि बीड या जिल्ह्यांत २० ते २४ वयाच्या मुलींपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. पोरीला एकटं गावात ठेवून फडावर, म्हणजे ऊसतोडीला, कसं जायचं, ही आईबापाची धास्ती. शिवाय मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी नेणारा मध्यस्थ, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो ते कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, त्यामुळे लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. विशीच्या आतबाहेर दोन-तीन लेकरं, मग कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, मग पुन्हा फड. पहाटे अंधारात उठायचं, तोडायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. राहायला कोपी, म्हणजे फडाजवळची तात्पुरती झोपडी. पाणी लांब, संडास नाही, पाळीच्या दिवसांत बदलायला आडोसा नाही, धुतलेलं कापड वाळायला ऊन नाही. अंगावरून पांढरं जायला लागतं. कंबर भरून येते. दवाखाना करायचा तर तो दिवस खाडा, आणि खाड्याचे पाचशेच्या घरात पैसे उचलीतून कापले जातात. म्हणून मेडिकलवरची गोळी. हंगाम संपल्यावर गावी आलं की सोनोग्राफी. पिशवीला सूज आहे, गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल, असं कोणीतरी सांगतं. जाऊबाईची पिशवी गेल्या साली काढलेली असते. लेकरं झालेली असतात. मग पुढच्या हंगामाच्या उचलीतून दवाखान्याचं बिल भरलं जातं आणि ते फेडायला ती पोटावरची जखम पुरती भरायच्या आत पुन्हा मोळी उचलते.

या क्रमातला एकेक दुवा वेगळ्या खात्याचा आहे. बालविवाह महिला व बालविकासाकडे, उचल आणि खाडा कामगार खात्याकडे, कोप्यांची जागा साखर कारखान्याकडे आणि त्यावर देखरेख साखर आयुक्तालयाकडे, पाणी पाणीपुरवठ्याकडे, मागे राहिलेल्या मुलींची वसतिगृहं सामाजिक न्यायाकडे. आकडा फक्त आरोग्य खात्याच्या टेबलावर पडला, कारण तो शस्त्रक्रियांचा होता. हकीकत नीट लिहून घेतली असती, तिचे दुवे वेगळे करून दाखवले असते, तर बाकीच्या खात्यांना जबाबदारी झटकता आली नसती. स्त्री संघटनांनी आणि काही अभ्यासकांनी हे काम आपल्या ताकदीने केलं. समितीच्या शिफारशींमध्येही आरोग्याबाहेरच्या गोष्टी आल्या. पण अंमलबजावणीला जोर मिळाला तो परवानगीच्या कागदाला. खाडा चालू आहे. फडावरच्या संडासाचा प्रश्न चालू आहे.

आणखी एक. पिशवी काढलेल्यांना सगळे भेटले. पिशवी न काढलेल्यांना कोण भेटलं? त्याच फडावर, तेच काम करणाऱ्या, तितक्याच लवकर लग्न झालेल्या पाच जणींनी शस्त्रक्रिया केली नाही. त्या कशा वाचल्या? सासू मधे पडली, गावची आशाताई तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली, की पैसेच नव्हते म्हणून राहून गेलं? गुणात्मक संशोधनात अशी उलटी उदाहरणं मुद्दाम शोधायची असतात. आपण काढलेला निष्कर्ष जिथे मोडतो ती जागा शोधायची. बीडमध्ये या बायकांची उत्तरं मला सगळ्यात मोलाची वाटतात, कारण बाहेर पडायची वाट त्यांनाच माहीत आहे.

आता आक्षेप. हे सगळे किस्से आहेत, दहा-वीस बायकांशी बोलून जिल्ह्याचं धोरण ठरवायचं का, असं मला वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवणाऱ्या, चांगल्या हेतूच्या माणसांनी विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं, की दहा-वीस बायकांशी बोलून किती टक्के हे कोणी सांगत नाही आणि सांगूही नये. ते सर्वेक्षणाचं काम. मुलाखतीतून कळतं ते कसं आणि का. त्यासाठी किती माणसं पुरतात याचाही नियम आहे. नवीन माणसाच्या सांगण्यातून नवीन काही निघेनासं होईपर्यंत थांबायचं नाही. निवडही सोयीने करायची नाही. वयाने, जातीने, गावापासूनच्या अंतराने, कर्जाने वेगवेगळ्या बायका ठरवून निवडायच्या. एकीने सांगितलेलं सोनोग्राफीच्या कागदाशी, दवाखान्याच्या पावतीशी, मुकादमाच्या वहीशी ताडून बघायचं. मुलाखतीचे अर्थ दोघांनी स्वतंत्रपणे लावायचे आणि जुळत नाहीत तिथे परत मुलाखतीकडे जायचं. काढलेला अर्थ त्या बायकांना वाचून दाखवायचा. इतकी शिस्त पाळलेल्या कामाला किस्से म्हणणं अन्याय आहे.

आणि सर्वेक्षण फार पक्कं असतं असा जो समज आहे, तोही तपासू. २०१९-२१च्या त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणाचं महाराष्ट्रातलं घरोघरचं काम २०१९च्या उत्तरार्धात झालं. दिवाळीनंतर बीडमधल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार इथल्या वस्त्यांवर कोण असतं? म्हाताऱ्या, शाळेतली पोरं आणि कुलपं. जी माणसं त्या महिन्यांत सांगली-कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकातल्या फडावर कोपीत असतात, ती घर धरून केलेल्या मोजणीतून सहज निसटतात. ज्यांचं आरोग्य सर्वांत बिकट तेच जिल्ह्याच्या सरासरीत कमी भरतात, आणि सरासरी थोडी बरी दिसते. सर्वेक्षण करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण कोण निसटलं हे आकड्यांच्या तक्त्यातून कधी कळत नाही, ते कळायला वस्तीवर जाऊन विचारावं लागतं.

मोजणं आणि ऐकणं यांत वैर नाही, हे शेजारच्या विदर्भाने दाखवलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. जगाला तो आकडा हादरवून गेला. पण बायकांचं दुखणं फक्त बाळंतपणापुरतं असतं असं मानणाऱ्या सरकारी कार्यक्रमांच्या काळात हा आकडा काढावासा वाटणं, यासाठी आधी बायका जे सांगतात त्यावर विश्वास ठेवावा लागला.

दुसरं क्षेत्र आत्महत्यांचं. मराठवाड्यातला शेतकरी गेला की पंचनामा होतो, प्रकरण जिल्ह्याच्या समितीपुढे जातं, पात्र की अपात्र हे ठरतं. पात्र ठरलं तर वारसांना १ लाख रुपये. सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज कोणत्या बँकेचं, थकलं होतं का, हे त्या कागदात विचारलं जातं. मदत कोणाला द्यायची हे ठरवायला ते लागतही असेल. पण वर्षानुवर्षं तोच कागद आपण कारणांचा अभ्यास म्हणूनही वाचत आलो. बटईने करणारा त्यातून सुटला. सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकरी बाई सुटली, ती गेली तर ती गृहिणी. सावकाराचं तोंडी कर्ज सुटलं. आईच्या डायलिसिससाठी किंवा बायकोच्या बाळंतपणासाठी काढलेले पैसे शेतीच्या कर्जात मिसळून गेले, म्हणजे आरोग्यावरच्या खर्चाने बुडालेलं घर सोयाबीनच्या भावाने बुडालं असं नोंदलं गेलं. कित्येक महिन्यांची तुटलेली झोप, अंगदुखीसाठी घेतलेली इंजेक्शनं, दारू, पोरीच्या लग्नाचा घोर, यांना रकानाच नव्हता. २०१५ साली राज्याने चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, आशाताईंनी घरोघर नैराश्याची लक्षणं ओळखावीत असं ठरलं, ते पाऊल योग्य दिशेचं होतं. पण लक्षणांची यादी वाचून दाखवणं वेगळं आणि मागे राहिलेल्या बाईला तिच्या गतीने बोलू देणं वेगळं. तिच्याकडे त्या घराच्या शेवटच्या दोन वर्षांची पूर्ण माहिती असते. पंचनाम्यानंतर तिच्याकडे सहसा कोणी येत नाही.

दवाखान्याच्या आतही हेच. ज्युलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधल्या डॉक्टरांनी १९७१ साली एक नियम मांडला: जिथे उपचारांची गरज सर्वांत जास्त, तिथेच चांगले उपचार मिळण्याची शक्यता सर्वांत कमी. मराठवाड्यात हा नियम रस्त्यावर दिसतो. उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून सिव्हिल म्हणजे जिल्हा रुग्णालय, तिथून संभाजीनगरचं घाटी रुग्णालय किंवा नांदेड, अंबाजोगाई, लातूर. दर टप्प्यावर चिठ्ठी हातात देऊन पुढं न्या असं सांगितलं जातं. २०२३च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं होती. बरेच रुग्ण शेवटच्या अवस्थेत बाहेरून आले होते, असं तेव्हा सांगण्यात आलं. ते खरं धरलं तर चौकशी तिथून सुरू व्हायला हवी. थॅडियस आणि मेन या अभ्यासकांनी १९९४ साली मातामृत्यूंबद्दल तीन विलंब सांगितले: घरात निर्णय व्हायला लागलेला, वाटेत लागलेला आणि दवाखान्यात पोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागलेला. त्या बारा बाळांपैकी प्रत्येकाच्या आईला किती दवाखान्यांनी पुढे पाठवलं, गाडी कधी मिळाली, पैसे कुठून आणले, आल्यावर पहिल्या तासात काय झालं, हे तासागणिक लिहून काढलं तर जिल्ह्याच्या व्यवस्थेचा नकाशाच तयार होतो. कायद्याच्या चौकशीत दोषी शोधतात. या पद्धतीत विलंब शोधतात आणि विलंब दुरुस्त करता येतो.

यात एक बाजू नेहमी सुटते, ती कर्मचाऱ्यांची. विषमतेचा अभ्यास म्हणजे गरिबांचा अभ्यास असं समीकरण झालं आहे. कंत्राटी नर्स, रात्रपाळीतला निवासी डॉक्टर, दोन उपकेंद्रांचा भार एकटीने वाहणारी एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका, रुग्णवाहिकेचा चालक, बाहेरची औषधं लिहून देणारा वैद्यकीय अधिकारी, पावती फाडणारा कारकून, यांच्याही मुलाखती व्हायला हव्यात. मुकादमाची आणि कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याचीही. पारधी वस्तीवरून आलेल्या बाईला प्रसूतिगृहात का ओरडलं जातं, याचं उत्तर तिच्याकडे अर्धंच आहे. उरलेलं अर्धं ओरडणारीकडे आहे, आणि ती कदाचित सलग दुसरी पाळी करत असेल.

इतकं म्हटल्यावर वाईट गुणात्मक कामाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं, कारण ते आपल्याकडे पुष्कळ झालं आहे. मारुतीच्या पारावर सरपंच खुर्ची टाकून बसलेले, समोर पंधरा बायका पदर सावरून बसलेल्या, आणि बाहेरगावचा तरुण मोबाइल मधे ठेवून विचारतोय की तुमच्या गावात महिलांना आरोग्याच्या काय समस्या आहेत. त्यातून काय निघणार? सगळं ठीक आहे, रस्ता तेवढा करून द्या. हे गटचर्चा म्हणून अहवालात जातं. बायका मोकळ्या असतात दुपारी भांडी झाल्यावर, किंवा चैत्र-वैशाखात फडावरून परतल्यावर, आणि बोलतात त्या बाईशी, तेही दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत. बंजाऱ्यांच्या तांड्यावर म्हातारीला तिच्या गोरबोलीत विचारावं लागतं. परभणी-जालन्याच्या मोहल्ल्यात दखनीत विचारावं लागतं. छापील प्रश्नावलीच्या मराठीत तिथे अर्धी उत्तरं हो-नाहीवर संपतात.

संमतीपत्राचंच बघा. नीतिमत्ता समिती सही किंवा अंगठा मागते आणि ते योग्यच आहे. पण ज्या घराने कोऱ्या कागदावर अंगठा देऊन उचल घेतली आहे, त्या घरातल्या बाईपुढे शाईचा पॅड ठेवला की ती आक्रसते. तोंडी संमती साक्षीदारासमोर ध्वनिमुद्रित करण्याची सोय अशा वेळी समितीकडून आधीच मंजूर करून घेता येते, ती करावी. नाव गाळलं म्हणजे ओळख लपली असंही नाही. हजार वस्तीच्या गावात चोविसाव्या वर्षी पिशवी काढलेली, नवरा गेलेला, दोन मुली, एवढं लिहिलं की कोण ते पोरंसुद्धा सांगतील. २०१९ नंतर बीडमधल्या काही गावांवर गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव असा शिक्का बसला, देशोदेशीचे कॅमेरे येऊन गेले. त्या गावांतल्या मुलींच्या सोयरिकी जमवताना हा शिक्का आड येत असेल का, हा विचार छापणाऱ्यांनी करायला हवा होता. ज्यांनी आपलं सर्वांत खासगी दुखणं सांगितलं त्यांना बदल्यात काय मिळालं, याचा जाब संशोधकाने द्यायला हवा. मुलाखती घेऊन पदवी मिळवायची आणि निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकात अडकवून ठेवायचे, ही लूट आहे. मी हा शब्द विचार करूनच वापरतो आहे.

ऐकण्याचं रूपांतर कारवाईत कसं होतं, याचा नमुना मराठवाड्यातच आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, होतं. गावातल्या लोकांनी आपापल्या उपकेंद्राची, आरोग्य केंद्राची हकीकत गोळा करायची, सेवांना हिरवा, पिवळा, लाल असा रंग द्यायचा, पत्रक भिंतीवर लावायचं आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर बोलायचं. डॉक्टर मुक्कामी राहत नाहीत, मोफत असलेल्या गोष्टीला पैसे मागतात, औषध बाहेरून आणायला लावतात, हे तिथे माणसं उभी राहून सांगत आणि अधिकाऱ्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागे. ज्याने सोसलं त्याचं सांगणं नोंदलं गेलं, इतरांच्या सांगण्याशी ताडलं गेलं आणि ज्याच्या हातात उपाय आहे त्याच्यासमोर ठेवलं गेलं, यापेक्षा चांगली गुणात्मक पद्धत मला ठाऊक नाही. त्याच जिल्ह्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना भारतवैद्य म्हणून उभं केलं. अशा बायका उत्तम संशोधक होऊ शकतात, कारण कोणाच्या घरी कधी जायचं आणि कोणता प्रश्न कोणासमोर विचारायचा नाही हे त्यांना शिकवावं लागत नाही.

मग करायचं काय? अंबाजोगाई, नांदेड, लातूर, संभाजीनगर इथली जुनी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आणि गेल्या काही वर्षांत धाराशिव, परभणी, जालना, हिंगोलीत उघडलेली नवी, यांच्यामुळे मराठवाड्याच्या प्रत्येक जिल्ह्यात जनऔषधवैद्यकशास्त्राचा, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा अभ्यास करणारा, विभाग आहेच. तिथले पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंध करतात, आणि त्यांतले बहुतेक एकदा जाऊन भरून आणलेल्या प्रश्नावलीचे असतात. दर विभागातून वर्षाला निदान एक प्रबंध दीर्घ मुलाखतींवर आणि निरीक्षणावर व्हावा, त्याला मार्गदर्शक म्हणून विद्यापीठातला समाजशास्त्राचा किंवा तुळजापूरच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतला शिक्षक जोडावा. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबं दत्तक घ्यायची, असा नियम आता आहे. त्या भेटींत रक्तदाब मोजून फोटो काढून परत यायचं की त्या घराची एका वर्षाची आजारपणाची हकीकत लिहायची, हे शिक्षक ठरवू शकतात, त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.

जिल्हा परिषदांनी आपल्या आरोग्य आराखड्यात ऐकण्यासाठी वेगळा निधी ठेवावा. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने फडावरच्या मुलाखतींचं काम हंगाम चालू असताना करून घ्यावं, त्यासाठी बायका परतायची वाट बघू नये, कारण कोपीतल्या पाण्याबद्दल आणि खाड्याबद्दल कोपीत बसूनच खरं कळतं. मुलाखत घेणाऱ्या बाईला तिच्या दिवसाची मजुरी मिळावी, आणि मुलाखत देणारीचा खाडा झाला तर तोही भरून द्यावा. निष्कर्ष आधी ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावेत आणि मगच छापायला पाठवावेत.

गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं. उचलीचे करार त्याच्या कितीतरी आधी होतात. पहिली मुलाखत तिथूनच घ्यावी लागेल, करार होतो त्या दिवशी, त्या बाईच्या घरी, मुकादम निघून गेल्यावर.